अर्धं वाक्य त्याच्यासाठी

तुदोरची वाचा गेली ती कलिंगडाची रोपं लावायच्या दिवसांत, आणि त्यानंतर पावसानंही तोंड दाखवलं नाही. डॅन्यूबच्या या काठाला सगळी वाळूच. वाळूत कलिंगड गोड होतं हे खरं, पण वाळू पाणी धरत नाही. सकाळी दिलेलं दुपारी विसरते आणि पुन्हा मागायला लागते.

त्या दिवशी तुदोर रोपांवर प्लास्टिक ताणत होता आणि त्याची बायको वेता मागनं कडेला वाळू लोटत होती. एकाएकी प्लास्टिक त्याच्या हातून सुटलं आणि वाऱ्यावर फडफडायला लागलं. तो ते धरायला वळला तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. वेताला वाटलं, चढलीय.

"दिवस उजाडला नाही तर ढोसलीस का रे मेल्या?" ती ओरडली.

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते बोलणं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता आणि उजवा पाय वाळूत रेघ ओढत होता. ते एक वेळ चाललं असतं. लंगडी माणसंही शेती करतात. पण तुदोर म्हणजे त्या घराचं तोंड. बाजारात त्यानं आरोळी ठोकली की शेजारच्या गाडीवरचं गिऱ्हाईक निम्मं तोडलेलं कलिंगड तिथंच टाकून इकडं यायचं. व्यापाऱ्यांशी घासाघीस करावी ती त्यानंच, पाद्रीबुवांची थट्टा करावी तीही त्यानंच. वेता चार शब्दांची बाई. घरात बोलायचं काम लग्नापासून त्याच्याकडं होतं, आणि तिनं ते खुशाल त्याच्यावर सोडलं होतं.

आता त्याला कळत सगळं होतं. 'पाणी देऊ का?' म्हटलं की त्याच्या डोळ्यांत 'हो' यायचं, पण तोंडात 'त्त, त्त' यायचं. मग तो डावी मूठ मांडीवर आपटायचा.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "बोलण्याचे व्यायाम हवेत. आणि लवकर. पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे. नंतर जे राहिलं ते राहिलं."

"कोण घेणार व्यायाम?"

"तज्ज्ञ असतात त्याचे."

"ते कुठं मिळतात?"

डॉक्टरांनी कागदावर शहरातल्या एका केंद्राचं नाव लिहिलं. वेतानं दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. केंद्रातल्या पोरीनं फार गोड आवाजात पुढच्या हिवाळ्यातली तारीख दिली. हिवाळ्यापर्यंत तुदोरची जीभ दगड होऊन बसणार, हे तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

*

गावात फोनला रेंज यायची ती एकाच ठिकाणी, कालव्यावरच्या जुन्या पंपघराच्या जोत्यावर. कालवा कधीचाच कोरडा पडला होता. पंप चोरांनी नेले होते, भिंती शेळ्यांनी अंग घासून पाडल्या होत्या. गावातली सगळी माणसं फोन कानाला लावून तिथंच उभी दिसायची. वेता मात्र कधी तिकडं फिरकली नव्हती. कालव्यात पाणी होतं त्या काळात तिची पोर त्या पाण्यात गेली होती. सहा वर्षांची. त्यानंतर वेतानं त्या वाटेला पाऊल घातलं नाही, की पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही. तिच्यासमोर दुसरंही कुणी ते काढत नसे.

आता नाइलाज होता. पहाटेचं पाणी वेलांना सोडून झालं की ती पंपघरावर जाऊन बसायला लागली, कालव्याकडं पाठ करून. एका बोटानं एकेक अक्षर दाबत तिनं लिहिलं: नवरा बोलत नाही, काय करावं?

फोननं ताबडतोब सल्ला दिला. त्याला थोडा वेळ द्या. त्याच्या आवडीचा पदार्थ करा. वेगळी केशरचना करून पाहा.

"इथं प्यायला पाणी नाही आणि मी केस धुऊ?" वेता फोनलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं 'फुकट शिका' असं टाकलं. जगात फुकट शिकवणाऱ्यांना तोटा नाही हे तिला त्या दिवशी कळलं. कुणी नखं रंगवायला शिकवत होतं, कुणी श्रीमंत व्हायला. एकानं आठवड्यात वाचा परत आणणारे थेंब दाखवले, बाटलीवर संताचं चित्र होतं. एक बरा धडा सापडला. पहिला आठवडा मोफत, फक्त कार्डाचा नंबर भरा, म्हणे. वेताकडं एकच कार्ड होतं, दवाखान्याचं. तिनं इमानेइतबारे त्याच्यावरचा नंबर भरला. फोननं लाल अक्षरांत 'नाही' म्हटलं. तिनं पुन्हा भरला. पुन्हा 'नाही'. मागं रांगेत उभा असलेला एक जण हसला, आणि वेतानं फोन खिशात घालून घरचा रस्ता धरला.

शेवटी ती गावच्या कचेरीमागच्या वाचनालयात गेली. वाचनालय सांभाळणारी कोर्नेलिया अविवाहित, तोंडाची फटकळ. वेताच्या पायांची वाळू फरशीवर सांडलेली पाहून तिनं आधी कपाळाला आठ्या घातल्या.

"दवाखान्याचा कागद आणलायस?"

वेतानं घडी उलगडून दिली.

"हे बघ, इथं लिहिलंय. अफेझिया. हे नाव आहे त्या दुखण्याचं. बाई गं, ज्याला हाक मारायची त्याचं नाव नको का ठाऊक असायला? नुसतं 'बोलत नाही' म्हटलं की जगातले सगळे रुसलेले नवरे येणार तुझ्या दारात."

तिनं संगणकात तो शब्द टाकला आणि पडदा भरून गेला. मोठमोठ्या विद्यापीठांचे अख्खे अभ्यासक्रम होते, प्राध्यापक फळ्यासमोर उभे. पण सगळं इंग्रजीत. खाली भाषांतराच्या ओळी धावायच्या, वेता पहिला शब्द लावेपर्यंत तिसरी ओळ निघून जायची. कोर्नेलिया भाजी निवडावी तशी निवडत होती. "हे बघायला फुकट, शिकायला नाही. हे नुसतं डॉक्टरांसाठी. हा भोंदू. हे अर्धवट टाकलेलं. थांब, हे बघ. आपल्या भाषेत आहे. घरच्या माणसांसाठी. काहीही मागत नाहीत."

"काहीच नाही?"

"नाव नोंदव म्हणतायत. आणि एक परवलीचा शब्द लागेल. रोज टाकावा लागणार, तेव्हा विसरणार नाहीस असा घे."

वेता बराच वेळ बोटं मिटून बसली. मग तिनं यंत्र स्वतःकडं वळवलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबलं. कोर्नेलियाला पडद्यावर नुसते काळे ठिपके दिसले.

*

पडद्यावरची बाई सडपातळ होती, चष्म्याची. बोलायची हळू, मध्ये थांबायची. वेता पहाटे पंपघरावर जाऊन धडा फोनमध्ये उतरवून आणायची आणि दुपारी उन्हाचा कहर झाला, रानात उभं राहवेनासं झालं, की घरी येऊन तुतीच्या सावलीत तुदोरला समोर बसवायची.

सासू पारास्किवा उंबऱ्यावर शेंगा सोलत हे सगळं बघायची. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, कंबरेत वाकलेली, पण नजर सुईत दोरा ओवण्याइतकी.

"काय घेते ती बाई शिकवायचे?"

"काही नाही आई. फुकट आहे."

"फुकट?" म्हातारीचे हात थांबले. "कोण मेलंय तिचं?"

"कुणी नाही मेलं."

"मग फुकट कशाला देईल? कुणीतरी गेल्याशिवाय माणूस दारात उभं राहून फुकट देत नाही. विचार तिला, कुणाच्या नावानं देतेस म्हणून. नुसतं घेऊन गप्प बसू नये."

म्हातारीचं चुकत नव्हतं. त्या गावात फुकट दिलं जातं ते मेलेल्यांच्या नावानं. वाटीभर चेरी असो की भाकरीचा तुकडा, वर मेणबत्ती खोचायची आणि कुंपणावरून पुढं करायचं: 'हे अमक्याच्या आत्म्यासाठी.' घेणाऱ्यानं म्हणायचं, 'बोगदाप्रोस्ते', म्हणजे देव तुमच्या गेलेल्यांना क्षमा करो. तेवढं म्हटलं की दिलेलं पलीकडं पोचतं. वेतालाही बाईचा धडा असाच गिळवेना. म्हणून धडा संपला की ती फोनकडं बघून हलकेच 'बोगदाप्रोस्ते' म्हणायची. बाईचं कुणीतरी गेलं असेलच, ज्याचं त्याला पोचेल.

पहिल्या धड्यात बाईनं सांगितलं, ओरडू नका, तो बहिरा नाही. त्याच्या तोंडचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा. तुम्हाला जेवढं थांबावंसं वाटतं त्याच्या दुप्पट थांबा. दुसऱ्या धड्यात सांगितलं, नवे शब्द नंतर. आधी जे वर्षानुवर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालंय ते घ्या. आकडे, वार, प्रार्थना. तिसऱ्या धड्यात म्हणाली, अर्धं वाक्य तुम्ही म्हणा आणि अर्धं त्याच्यासाठी ठेवा. विचार करून जे येत नाही ते कधी कधी सवयीनं येतं.

वेतानं आकडे म्हटले. तुदोर 'त्त' म्हणाला. तिनं वार म्हटले, सोमवारपाशी थांबली, माश्या घोंगावत राहिल्या. तिनं त्याचीच बाजारातली आरोळी म्हणून पाहिली, तर त्यानं तोंड फिरवलं आणि त्याच्या दाढी वाढलेल्या गालावरून पाणी ओघळलं. वेलांना तण चढत होतं, फळाखालची वाळू तापून फळाला चट्टे पडत होते, ती फळं उलथवायला हवी होती, आणि ही इथं मांडीला मांडी लावून 'सोमवार, सोमवार' करत बसलेली. संध्याकाळी ती रानात पळायची. हाताला फोड आले, ते फुटले, त्यात वाळू गेली.

एकदा तिला वाटलं, सापडलं. ईस्टरला सगळं गाव एकमेकांना म्हणतं, 'ख्रिस्त उठला!' आणि समोरचा झोपेतसुद्धा म्हणतो, 'खरोखर उठला!' याहून गुळगुळीत दुसरं काय असणार? तिनं तुदोरचे दोन्ही हात धरले आणि आवाज चढवून म्हटलं, "ख्रिस्त उठला!"

उंबऱ्यावरनं शेंगांची परात खाली आली.

"देवा रे! त्यानं स्वर्गात जाऊनसुद्धा दिवस लोटले आणि तू त्याला परत खाली ओढतेस? त्या फोननं तुझी अक्कलच नेली!" सणाचा तो काळ सरला की ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेतालाही ठाऊक होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. तुदोर आईकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघत राहिला. तोंडातून हू की चू नाही.

*

चेरी पिकल्या, मेलेल्यांचा शनिवार आला. शेजारची गेर्गिना कुंपणाशी आली. ती विधवा, मनानं मोकळी. वाटी तिनं तुदोरच्या डाव्या हातात ठेवली.

"घे रे तुदोर. माझ्या फानेच्या आत्म्यासाठी."

तुदोरचे ओठ मिटले, आणि त्यातनं एक हलका फुसका आवाज आला. 'ब्ब.' गेर्गिनाला ऐकूही गेला नाही. वेताच्या हातातली कुदळ मात्र तिथंच थांबली.

संध्याकाळी ती गेर्गिनाकडं गेली. "परत दे त्याला काहीतरी. फानेच्या नावानं. उद्याही दे. मी आणून देते तुला चेरी."

"म्हणजे?"

"त्याच्या तोंडात शब्द येतोय गं. मी पाहिलं."

गेर्गिनानं हात पुसले. "वेता, तुझ्यासाठी मी काहीही करीन. विहिरीतून पाणी काढून देईन. पण फाने काय पाठ पक्का करायला आहे का? दिवस नसताना, मनात नसताना नुसतं म्हणायचं म्हणून म्हणू? मेलेल्यांशी खेळू नये बाई."

वेता तिथल्या तिथं गुडघे टेकून रडली असती, पण तेही तिला जमलं नाही.

पुढच्या पहाटे पंपघरावर तिनं शेवटचा धडा उतरवला. चष्म्याची बाई हसून म्हणाली, तुम्ही इथपर्यंत आलात, अभिनंदन. यापुढचं प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. यापुढचं तुमच्या तज्ज्ञाला विचारा.

वेतानं धडा पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिनं बोटानं पडदा खाली ओढला, वर ओढला, खाली काही उरलं होतं का ते पाहिलं. काही नव्हतं. त्या दिवशी ती 'बोगदाप्रोस्ते' म्हणायला विसरली.

*

पहिलं कलिंगड पिकलं ते विहिरीजवळच्या सरीत. देठाशेजारचा वेलीचा तणावा वाळून तपकिरी झाला होता. वेतानं बोटानं वाजवून पाहिलं, तोडलं आणि पोटाशी धरून घरी आणलं.

पहिलं फळ घरात खायचं नसतं. ते पोरीचं. इतकी वर्षं तुदोर पहिलं कलिंगड कापायचा, फोडीत मेणबत्ती खोचायचा आणि फाटकात उभा राहून, जो पहिला जाईल त्याच्या हातात द्यायचा. पोरीचं नाव असं मोठ्यानं घ्यायचा की अर्ध्या गल्लीला ऐकू जावं. वेता त्या वेळी मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत असायची.

आता तिनं कलिंगड तुतीखालच्या टेबलावर ठेवलं, चिरलं, मोठी फोड काढली, मेणबत्ती खोचून पेटवली आणि तुदोरसमोर उभी राहिली.

म्हातारी उठली. "काय करतेस? फाटक तिकडं आहे."

"आई, गप्प बसा."

"घरातल्याला दिलेलं पोचत नाही! बापालाच देतेस? पोर वर्षभर वाट बघते गं, त्या एका फोडीची!"

वेतानं ऐकलं. एकेक शब्द ऐकला. जन्मात तिनं पोरीचं काही हिरावून घेतलं नव्हतं आणि आता घेत होती. मेण फोडीवर सांडलं.

"घे तुदोर," ती म्हणाली. "आपल्या पोरीच्या आत्म्यासाठी."

आणि थांबली. वाटलं त्याच्या दुप्पट थांबली. तुदोर फोडीकडं बघत होता. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. ओठ मिटले.

"बो," तो म्हणाला. "बोग… बोगदाप्रोस्ते."

वेतानं किंकाळी फोडली. कोंबड्या उडाल्या. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, सोडलं, दुसरी फोड कापली. "घे! पोरीच्या आत्म्यासाठी!" "बोगदाप्रोस्ते." तिसरी. चौथी. त्याच्या हनुवटीवरून लाल रस गळत होता, तो हसत होता, रडत होता आणि शब्द दर खेपेला जास्त स्वच्छ येत होता. सालींचा ढीग झाला तेव्हा कुठं ती भानावर आली. अख्खं कलिंगड संपलं होतं.

म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. "नावही घेतलं नाहीस," ती हळूच म्हणाली. "नाव घेतल्याशिवाय तर फाटकातूनही पोचत नाही."

*

शब्द आला तो एकटाच आला. त्याच्यामागून दुसरा येईल म्हणून वेता डोळ्यांत तेल घालून बसली, पण नाही. पाणी दिलं, बोगदाप्रोस्ते. भाकरी दिली, बोगदाप्रोस्ते. पाय दुखला तरी तेच आणि माशी बसली तरी तेच. कोर्नेलियानं सगळं पालथं घालून पाहिलं. आणखी एक अभ्यासक्रम सापडला, तो फ्रेंचमध्ये. गावात ऐकलं त्यानं तोंड लपवून हसून घेतलं. कुणाचं फुकट पाणी न पिणारा तुदोर आता उठता बसता भिक्षेचे आभार मानतो म्हणून.

माल निघाला तसा ट्रकवाला आला. दरवर्षीचाच. तो गाडीतून उतरला, कलिंगडांच्या राशीभोवती फिरला आणि बाजेवर बसलेल्या तुदोरच्या कानाशी जाऊन ओरडला, "काय मालक! ऐकू येतंय का?"

"बहिरा नाही तो," वेता म्हणाली.

"बरं बरं. यंदा माल बारीक आहे. उन्हानं भाजलाय. निम्म्या भावात देत असशील तर उचलतो, नाहीतर राहू दे वाळूत."

तुदोर पहिल्यासारखा बोलता असता तर त्यानं कलिंगड हातात घेऊन फोडलं असतं, ट्रकवाल्याच्या आईपासून सुरुवात केली असती, आणि शेवटी दोघं खांद्यावर हात टाकून दारू प्यायले असते. वेतानं तोंड उघडलं. "थोडं तरी," ती म्हणाली, आणि पुढचं तिला सुचेना. ट्रकवाल्याचे गडी भरायला लागलेसुद्धा.

तुदोर उठून उभा राहिला. डाव्या हातानं बाजेच्या कडेचा आधार घेऊन, लालबुंद होऊन. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. चोर. हरामखोर. खाली ठेव. त्यानं सगळी ताकद लावली.

"बोगदाप्रोस्ते!" तो गरजला.

ट्रकवाला दचकला, मग मांड्या थोपटून हसला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. "अरे, मी अजून जिवंत आहे ना बाबा! एवढ्यात नको मारूस!" गडीही हसले. तुदोरनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी मोठ्यानं, आणि मग स्वतःच्याच तोंडावर डाव्या हाताची चापट मारून घेतली. वेतानं जाऊन तो हात धरला. ट्रक धूळ उडवत गेला. दोघं रिकाम्या वाळूत उभी राहिली. हा शब्द आपण त्याच्या तोंडात घातला, असं वेताला वाटलं, आणि त्यापेक्षा तो मुका राहिला असता तर बरं, असंही वाटून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी सोडून परतली तर बाजेवर तुदोर नव्हता. अंगणात वाळूवर त्याच्या पायाची रेघ होती, फाटकाकडं गेलेली. टेबलावर मागं राहिलेलं एक कलिंगड पडलं होतं, एका हातानं चिरलेलं, वेडंवाकडं, निम्मं चेंदलेलं. चिरायला त्यानं ते काखेत दाबून धरलं असणार. तिथंपासून फाटकापर्यंत रस सांडलेला होता.

तो फाटकात उभा होता. डाव्या हातात फोड, फोडीत मेणबत्ती. समोर रस्त्यावर दुधाची किटली घेऊन गेर्गिना थांबली होती. तुदोरनं फोड पुढं केली. गेर्गिनानं किटली खाली ठेवली, दोन्ही हात पुढं केले आणि चेहरा गंभीर केला.

"कुणासाठी रे तुदोर?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं. पण विचारावं लागतं.

तुदोरनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठल्या. ओठ मिटले, 'ब्ब' झालं, आणि त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. हा तो शब्द नव्हे, हे त्याला कळत होतं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. मेण वितळून त्याच्या बोटांवर गळत होतं, तरी त्यानं हात हलवला नाही.

वेता त्याच्या मागं उभी होती. त्याच्या तोंडचा शब्द पुरा करू नका, बाईनं सांगितलं होतं. थांबा. ती थांबली. दुप्पट थांबली. गेर्गिनाचे हात तसेच पसरलेले होते. तुदोर मान वळवून बायकोकडं बघायला लागला, आणि ती नजर पाहून वेताला कळलं. इतकी वर्षं तो जे या फाटकात ओरडत आला ते अर्धं वाक्य त्याचं नव्हतंच. ते तिचं होतं, तो तिच्यासाठी म्हणत आला होता.

रोज पहाटे कालव्याच्या काठावर परवलीचा शब्द म्हणून तिनं ते नाव एका बोटानं लिहिलं होतं. जिभेवर ते जड लागलं.

"इलिंकासाठी," ती म्हणाली. आवाज फुटेना. तिनं फाटक धरलं आणि पुन्हा म्हटलं, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं. "आमच्या इलिंकाच्या आत्म्यासाठी!"

उंबऱ्यावर म्हातारीनं क्रूस काढला. गेर्गिनानं फोड घेतली. "बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली.

"बोगदाप्रोस्ते," तुदोरही म्हणाला, वेताकडं बघत, हळू आणि स्वच्छ. त्या उन्हाळ्यात तो शब्द पहिल्यांदाच आपल्या जागी पडला.

वेतानं त्याच्या बोटांवरचं मेण नखानं खरवडून काढलं. मग त्याला काखेत धरून ती रानात घेऊन गेली. खालच्या सरीला पाणी सोडायचं राहिलं होतं.